दवाखाना बांधायचा म्हणजे नेमकं काय करायचं? टेंभुर्णीसारख्या गावातल्या आरोग्य केंद्राचा आराखडा, सोप्या भाषेत

गावात नवीन दवाखाना मंजूर झाला की फोटो येतात. कोनशिला, नारळ, फीत आणि मागे नवीकोरी इमारत. दोन वर्षांनी त्याच इमारतीचे वेगळे फोटो व्हायरल होतात. दाराला कुलूप, नळाला पाणी नाही, मशीनवर धूळ.

या दोन फोटोंच्या मध्ये काय चुकतं? उत्तर बऱ्याचदा पैशात नसतं, आराखड्यात असतं. आराखडा म्हणजे फक्त इंजिनिअरने काढलेला नकाशा नव्हे. रुग्ण घरातून निघाल्यापासून बरा होऊन घरी परत येईपर्यंत काय काय घडतं, त्या सगळ्याचा विचार म्हणजे आराखडा.

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी डोळ्यासमोर ठेवून हे समजून घेऊ. (पुणे-सोलापूर महामार्गावरचं टेंभुर्णी वेगळं, ते सोलापूर जिल्ह्यात येतं.) जाफराबाद हा मराठवाड्याच्या कडेचा तालुका, पलीकडे विदर्भातला बुलढाणा जिल्हा लागतो. आजूबाजूला छोटी गावं, वस्त्या, कोरडवाहू शेती आणि दर काही वर्षांनी डोकावणारा दुष्काळ. अशा भागासाठी आरोग्य केंद्र आखायचं तर कुठल्या गोष्टी पाहाव्या लागतात?

आधी नावांचा गोंधळ मिटवू

सरकारी दवाखान्यांची एक उतरंड आहे. केंद्र सरकारची 'भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं' (आयपीएचएस) कुठल्या पातळीवर काय असावं ते सांगतात. ती पहिल्यांदा 2007 मध्ये आली, 2012 आणि 2022 मध्ये सुधारली गेली.

- उपकेंद्र: सपाट भागात साधारण 5,000 लोकसंख्येला एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात 3,000 ला एक.
- प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी): सपाट भागात 30,000 ला एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात 20,000 ला एक. साधारण 6 खाटा.
- सामुदायिक आरोग्य केंद्र: सपाट भागात 1,20,000 ला एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात 80,000 ला एक. किमान 30 खाटा आणि तज्ज्ञ डॉक्टर.

महाराष्ट्रात 'सामुदायिक आरोग्य केंद्र' ही पाटी सहसा दिसत नाही. आपल्याकडे त्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेकडे असतात, तर ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. तक्रार कुठे करायची ते यावरून ठरतं, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

पहिली पायरी: खोल्या नाही, माणसं मोजा

किती खाटा हव्यात याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे, इथे कोण आजारी पडतं आणि कशाने?

एक साधं गणित करू. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी साधारण 15 आहे. ग्रामीण रुग्णालयाखाली 1,20,000 लोक येतात असं धरलं तर त्या पट्ट्यात वर्षाला सुमारे 1,800 बाळंतपणं होणार. म्हणजे महिन्याला 150, दिवसाला 5. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या अंदाजानुसार यातल्या 10 ते 15 टक्के बायकांना सिझेरियनची गरज पडू शकते. म्हणजे महिन्याला 15 ते 22 जणी. साधारण दर दोन दिवसांनी त्या पट्ट्यातल्या एका बाईचा जीव ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्ताच्या पिशवीवर अवलंबून असतो.

यातल्या काही जणी खासगीत जातील, काही माहेरी जातील. पण गरज तेवढीच राहते. प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव काही तासांत जीव घेऊ शकतो. तेव्हा सोय जवळ आहे की जिल्ह्याच्या गावी, यावरच सगळं ठरतं.

हाच हिशेब बाकीच्या आजारांचाही करायचा. शुगर आणि बीपीचे किती रुग्ण आहेत? त्यांना दर महिन्याला गोळ्या लागणार. सर्पदंश किती होतात? पावसाळ्यात कुठल्या गावांचा रस्ता तुटतो? ऊसतोडीला किंवा कामाला किती कुटुंबं बाहेर जातात आणि कधी परत येतात? गरोदर बाई सहा महिने गावातच नसेल, तर तिची नोंद आणि तपासणी कोण करणार?

वेळ हाही आराखड्याचाच भाग आहे

शेतमजूर बाईची रोजंदारी सकाळी सुरू होते आणि ओपीडीही सकाळीच. दवाखान्यात जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. त्यामुळे उपचार फुकट असला तरी तिला तो फुकट पडत नाही.

2022 मध्ये मुंबईत 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना' योजना सुरू झाली, तेव्हा हाच मुद्दा धरून दवाखाने रात्री 10 पर्यंत उघडे ठेवले गेले. वस्तीतला माणूस कामावरून आल्यावर डॉक्टरला दाखवू शकेल, हा त्यामागचा विचार. गावात रात्री 10 पर्यंत ओपीडी चालवणं अवघड आहे. पण संध्याकाळची ओपीडी खरोखर चालू ठेवणं आणि बाजाराच्या दिवशी जास्त वेळ देणं याला नवीन इमारत लागत नाही. बाजाराला लोक तसेही येतातच.

जामखेडने काय शिकवलं?

1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. तेव्हा हा भाग दुष्काळी आणि गरीब. सुरुवात झाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत.

लोकांशी बोलल्यावर आरोळे दाम्पत्याला कळलं की लोकांची पहिली मागणी औषध नाहीच आहे. त्यांना पाणी आणि अन्न हवं आहे. मग आरोग्याच्या कामाची सुरुवात बोअरवेलपासून झाली. हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवं असेल तर बाकीच्या गावाला तिथे यावं लागायचं. एका हातपंपाने हगवण कमी झाली आणि शिवाशिवीलाही धक्का बसला.

दुसरी गोष्ट, गावोगावच्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवलं गेलं. त्यातल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित. जामखेडच्या प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे सुरुवातीला दर हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. दोन दशकांत तो आकडा 25 च्या खाली आला. 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

टेंभुर्णीसाठी यातून काय घ्यायचं? जागा निवडताना गावातल्या कुणाला तिथे जायला संकोच वाटेल ते आधी पाहायचं. फुकट मिळालेली जमीन गावापासून दोन किलोमीटरवर, दिवे नसलेल्या रस्त्यावर असेल, तर रात्री कळा सुरू झालेली बाई तिथे जाणार नाही. एखाद्या वाड्याच्या किंवा पुढाऱ्याच्या दारातून वाट जात असेल, तरी काही लोक येणार नाहीत. नकाशावर या गोष्टी दिसत नाहीत. वस्त्यांवर जाऊन विचारल्या तरच कळतात.

गडचिरोलीत दवाखान्याची झोपडी का झाली?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1980 च्या दशकात गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. आदिवासी लोक दवाखान्यात यायला का घाबरतात, असं त्यांनी थेट लोकांनाच विचारलं. मिळालेली उत्तरं कुठल्याही आर्किटेक्टच्या पुस्तकात सापडणार नाहीत.

मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं होतं. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि पांढरं कापड तर प्रेतावर घालतात. आमची भाषा कुणाला कळत नाही. रुग्णाला आत ठेवतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात.

मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी पाड्यासारखा बांधला गेला. झोपडीसारख्या छोट्या खोल्या आणि रुग्णासोबत घरच्यांना राहायची सोय. दवाखान्याला नाव मिळालं ते लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

बंग दाम्पत्याचा आणखी एक अभ्यास या विषयाला थेट लागू पडतो. 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात तो छापून आला. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 बायकांची तपासणी केली, तर 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता. त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के.

आता एखाद्या नेहमीच्या ओपीडीची कल्पना करा. एक टेबल, एक डॉक्टर आणि मागे खांद्यावरून वाकून बघणारी रांग. पांढऱ्या पाण्याचा त्रास तिथे कोण सांगेल? बंद दाराची तपासणी खोली, तिथे पडदा आणि जवळ महिला कर्मचारी हा खर्च किरकोळ आहे. तो नसेल तर मात्र अर्धं गाव उपचाराबाहेर राहतं.

आता आत येऊ: इमारत कशी असावी?

रुग्णाची वाट सरळ हवी. केसपेपर, तपासणी, लॅब, औषधं आणि बाहेर. या क्रमाने खोल्या लागल्या तर म्हातारा माणूस चार वेळा मागे-पुढे फिरत नाही. पाटीवर अक्षरांसोबत चित्र आणि रंगही हवा, कारण वाचता न येणाराही येणार आहे. लेबर रूमकडे जायची वाट ओपीडीच्या गर्दीतून जाता कामा नये.

खोकणाऱ्याला बंद खोलीत बसवू नका. टीबी हवेतून पसरतो. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ हॉस्पिटलांचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या खोल्यांमध्ये, खिडक्या उघड्या असताना, हवा तासाला सुमारे 40 वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांमध्ये 12 वेळा. रवांडातल्या बुटारो इथे 2011 मध्ये सुरू झालेल्या हॉस्पिटलात याच कारणासाठी रुग्णांची थांबायची जागा इमारतीच्या आतून काढून बाहेर, उघड्या व्हरांड्यात नेली.

आपल्याकडे हे नवीन नाही. ओसरी आणि अंगणातलं लिंबाचं झाड हेच काम करत आलंय. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून इमारतीच्या लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेला, पश्चिमेला कमी खिडक्या, रुंद व्हरांडा आणि छताला पांढरा रंग. एसीविना बराच फरक पडतो.

रॅम्पचं गणित पक्कं आहे. नियम 1:12 चा. जोतं 3 फूट उंच असेल तर रॅम्प 36 फूट लांब हवा. जागा वाचवायला 10 फुटांचा रॅम्प केला तर ती घसरगुंडी होते. स्ट्रेचरही त्यावरून जात नाही आणि व्हीलचेअरही.

बाळंतिणीला 48 तास ठेवायचंय. सरकारी नियमाप्रमाणे साधं बाळंतपण झालं तरी आईने दोन दिवस दवाखान्यात थांबायला हवं, कारण आई-बाळाला धोका याच काळात जास्त असतो. प्रत्यक्षात अनेक जणी त्याआधीच निघून जातात. कारणं बघा: संडास दूर, गरम पाणी नाही, सोबत आलेल्या सासूला टेकायला जागा नाही. लेबर रूमला लागूनच संडास-बाथरूम, गरम पाणी, जेवणाची सोय आणि सोबतच्या बाईसाठी पलंग किंवा ओटा. एवढं असेल तर नियम आपोआप पाळला जातो. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला 3 दिवस आणि सिझेरियनला 7 दिवस मोफत जेवणाची तरतूद आहे. तरीही स्वयंपाकघराला जागा ठेवायचं राहून जातं.

पाणी, वीज आणि कचरा: न दिसणारा आराखडा

भारतीय मानकांनुसार 100 पर्यंत खाटांच्या हॉस्पिटलला दर खाटेमागे रोज 340 लिटर पाणी धरतात. 30 खाटा म्हणजे रोज 10,200 लिटर. म्हणजे 10,000 लिटरचा एक टँकर रोज रिकामा होणार, तरी थोडं कमीच पडेल.

2012-13 च्या दुष्काळात जालना शहरातही पाण्याची ओरड होती. त्यामुळे इथे बोअरवेलच्या भरवशावर दवाखाना चालत नाही. छतावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी, बोअरचं पुनर्भरण आणि किमान दोन-तीन दिवसांचा साठा पहिल्या नकाशातच हवा. हात धुवायला पाणी नसेल तर लेबर रूममध्ये जंतुसंसर्ग ठरलेलाच.

विजेचंही तेच. लसी 2 ते 8 अंश तापमानात ठेवाव्या लागतात. भारनियमनात फ्रीज गरम झाला तर लस वाया जाते आणि बाहेरून पाहून ते कळतही नाही. सौर पॅनेल आणि बॅटरी लावली तर लेबर रूमचा दिवा, बाळाला ऊब देणारं वॉर्मर आणि लसींचा फ्रीज यांची लाइन वेगळी काढायची. नाहीतर बॅटरी ऑफिसच्या पंख्यांवरच संपते.

कचऱ्यासाठी 2016 चे नियम आहेत. पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत तो वेगवेगळा टाकायचा असतो. तो साठवायची खोली रुग्णांच्या वाटेपासून दूर, पण गाडी जाईल अशा जागी हवी.

आगीचा विचार शेवटी करून चालत नाही

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. 17 पैकी 10 बाळं गेली, 7 वाचवता आली. ही बाळं स्वतः उठून पळू शकत नाहीत, हे अशा कक्षाचा नकाशा काढतानाच लक्षात घ्यावं लागतं. वायरिंगला किती मशीनचा भार झेपेल, धूर ओळखणारी यंत्रणा, बाहेर पडायला दुसरं दार आणि त्या दारासमोर कपाट न ठेवण्याची शिस्त. आरोग्य केंद्र लहान असलं तरी यातलं काहीच वगळता येत नाही.

सगळं बांधलं, पण डॉक्टर कुठे राहणार?

केंद्र सरकारच्या 2021-22 च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये गरजेच्या तुलनेत सुमारे 80 टक्के तज्ज्ञ डॉक्टर कमी आहेत. सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सगळ्यांचीच वानवा.

याला पगार, बदल्या, भरतीचे घोळ अशी अनेक कारणं आहेत. पण एक कारण सिमेंटचंही आहे. गळकं क्वार्टर, पाणी नाही, कंपाउंड नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला एकटीने अंधारातून जायचं असेल तर ती तालुक्याच्या गावी राहून ये-जा करणार. मग रात्री दोनला आलेल्या रुग्णाला कोण भेटणार? राहण्याजोगी क्वार्टर्स हा रात्रीच्या सेवेचा पाया आहे. निधी कमी पडला की सगळ्यात आधी कात्री मात्र यालाच लागते.

दवाखान्याच्या भिंती कुठे संपतात?

खरं तर त्या आशाताईच्या पिशवीपर्यंत जातात. गडचिरोलीतल्या 39 गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण, हा कार्यक्रम नसलेल्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी घटलं. 1999 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. आज देशभरातल्या आशाताई बाळंतपणानंतर 42 दिवसांत सहा-सात घरभेटी देतात, त्याचं मूळ इथे आहे.

दुसरं टोक म्हणजे 108. महाराष्ट्रात 2014 मध्ये ही सेवा 937 रुग्णवाहिकांनी सुरू झाली. इमारतीच्या आराखड्यात तिच्यासाठी छताखालची जागा आणि गाडी वळवायला मोकळं अंगण लागतं. शिवाय पुढे कुठे पाठवायचं ते आधी ठरलेलं हवं. जाफराबाद तालुका जिल्ह्याच्या सीमेवर आहे. रुग्ण नकाशावरची हद्द पाहत नाही, जवळचा चांगला रस्ता पाहतो. त्यामुळे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रुग्णालयांशीही फोनवरचं नातं हवं.

तुम्ही काय करू शकता?

दवाखान्याच्या कारभारात लोकांना जागा आहे. प्रत्येक पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती असते. 2007 पासून महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. यात गावकरीच दवाखान्याला गुण देतात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडतात.

तुमच्या भागात नवीन आरोग्य केंद्र मंजूर झालं असेल, तर पाया खोदण्याआधी ग्रामसभेत हे विचारा:

1. सगळ्यात लांबच्या वस्तीवरून रात्री इथे यायला किती वेळ लागेल?
2. मे महिन्यात पाणी कुठून येणार?
3. लाइट गेल्यावर लेबर रूम आणि लसींचा फ्रीज कशावर चालणार?
4. महिलांच्या तपासणीसाठी बंद दाराची खोली कुठे आहे?
5. बाळंतिणीसोबत आलेल्या बाईने कुठे झोपायचं?
6. डॉक्टर आणि सिस्टरची क्वार्टर्स याच टप्प्यात बांधणार की 'पुढच्या टप्प्यात'?
7. किती पदं मंजूर आहेत आणि त्यातली किती भरलेली आहेत?
8. दुरुस्तीचा दरवर्षीचा खर्च कोण देणार?

आणि एक लक्षात ठेवा. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये केसपेपरपासून उपचारापर्यंत सेवा मोफत आहेत. पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालयही त्यात येतात. म्हणजे कागदावर दवाखान्याचं दार सगळ्यांसाठी उघडं आहे. रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईला ते खरंच उघडं सापडतं का, हे वरच्या आठ प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं. नकाशा कागदावर असतानाच ते विचारले, तर बदल करायला फक्त खोडरबर लागतं. स्लॅब पडल्यावर नवीन निधी लागतो.